‘चूळ भरू नका’ एवढं मराठीत सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीत वाहक आहे. गेल्या महिन्यात माझी खालची उजवी अक्कलदाढ काढली. दाढ हाडात आडवी रुतलेली होती. एक्स-रेमध्ये ती शेजारच्या दाढेला डोकं लावून झोपलेली स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांचा हात हलका. हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून त्यांनी ती पाऊण तासात काढली आणि टाके घातले. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. जे झालं ते घरी आल्यावर.

निघताना काउंटरवर गोळ्या आणि एक छापील कागद मिळाला. ‘यात सगळं लिहिलंय,’ एवढंच तिथली मुलगी बोलली. कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. मी बारावी झालोय, पाट्या-फॉर्म वाचून घेतो. पण तोंडात गॉजचा बोळा, अर्धा ओठ बधिर, आणि समोर गाडी लागलेली. कागदाची घडी शर्टाच्या खिशात गेली. स्टँडवर बोळा काढून सवयीने एक कटिंग घेतला. अर्धा चहा शर्टावर सांडला, आणि ओठाला चटका बसलाय हे मला दोन तासांनी, बधिरपणा उतरल्यावर कळलं.

घरी आलो तर तोंडात रक्ताची चव. अशा वेळी आपल्याकडचा माणूस काय करतो? थुंकतो, आणि खळखळून चूळ भरतो. मीही तेच केलं. मिठाचं गरम पाणी आईनेच करून दिलं. झोपेपर्यंत सात-आठ वेळा मोरीत जाऊन आलो. लाळ लाल दिसायची म्हणून परत चूळ, चूळ भरली की परत लाल. भरीला आईने तव्यावर फडकं तापवून गाल शेकला. डेपोतला एक जोडीदार फोनवर म्हणाला, चिमूटभर तंबाखू धर दाढेत, ठणका जातो. तेवढं मात्र ऐकलं नाही, कारण मी खात नाही.

तिसऱ्या दिवशी गाल गालगुंड झाल्यासारखा टरारला. तोंडात दोन बोटं शिरेनात. चौथ्या दिवशी पहाटे जो ठणका सुरू झाला तो थेट कानात. गोळी घेतली की तासभर बरं, पुन्हा तेच. तोंडाला घाण वास. बायको म्हणाली, पिकलं असेल.

तेव्हा भाचीने तो कागद वाचला. पहिल्या दिवशी चूळ भरू नका, ही त्यातली तिसरीच ओळ. थुंकू नका, ही चौथी.

डॉक्टरांकडे परत गेलो. त्यांनी मात्र नीट समजावलं. दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. गुडघ्यावर खपली धरते तशी. तिच्या खाली जखम भरते. जोराने चूळ भरली, थुंकलं, स्ट्रॉने ओढून प्यायलं की ती निसटते आणि हाड उघडं पडतं. याला ते ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अडकलेल्या दाढेत काळजी घेऊनही तो कधी कधी होतो, आणि विडी, सिगारेट, तंबाखूवाल्यांना जास्त, असंही ते म्हणाले. म्हणजे सगळा दोष माझ्या चुळांचा असेलच असं नाही. पण मी गुठळीला बसू दिलंच नव्हतं, हेही खरं. त्यांनी खड्डा सलाइनने धुतला आणि लवंगेच्या तेलाची पट्टी आत भरली. अर्ध्या तासात ठणका उतरला. आई घरी हसली, ‘लवंगच ना शेवटी?’ लवंगच. पण तिने पहिल्या रात्री ती ठेचून ताज्या जखमेत कोंबली असती, तो भाग वेगळा.

आता मला जे कळलंय ते माझ्यासारख्यांसाठी लिहितो. बोळा पाऊण तास घट्ट चावून धरायचा, उघडून बघत बसायचं नाही. लाळ गुलाबी दिसली तर घाबरायचं नाही, थेंबभर रक्तही लाळेत मिसळून खूप वाटतं. थुंकण्याऐवजी गिळायचं. पहिल्या दिवशी शेक नाही, फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून गालाला पंधरा-वीस मिनिटं धरायचा, थोडं थांबून परत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतेच, मग उतरते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी आरशासमोर इतका घाबरलो नसतो. झोपताना डोक्याखाली दोन उशा. २४ तासांनंतर कोमट मिठाचं पाणी, पण तेही खळखळून नाही. तोंडात धरायचं, मान इकडून तिकडं कलवायची आणि खाली आपसूक पडू द्यायचं. खायला गार झालेली तांदळाची पेज, मऊ भात-मेतकूट, ताक, ताकातली नाचणीची आंबील. मला मोठा चमचा तोंडात जात नव्हता, म्हणून पोराच्या औषधाच्या चमच्याने पेज खाल्ली. वाटीभर संपवायला अर्धा तास लागायचा. चिवडा, तिळाची चटणी असलं काही नको, कण खड्ड्यात जाऊन बसतात. आणि रक्त थांबेना, ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढतच राहिली किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिरच राहिला, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना फोन.

एवढंच तर आहे. पोस्टकार्डावर मावेल. दातांच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की हे मराठीत, मोठ्या अक्षरात छापा, आणि पेशंटच्या नव्हे तर सोबत आलेल्या माणसाच्या हातात, तोंडाने सांगून द्या. पेशंटला त्या वेळी काही ऐकू येत नाही, विचारावं तर बोलताही येत नाही. मी दिवसभर ‘पुढे सरका’ ओरडून पोट भरतो. एकदा तोंडाने सांगितलेलं माणूस कसं ऐकतो आणि भिंतीवरची पाटी कशी वाचत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

डाव्या बाजूची दाढ पुढच्या महिन्यात काढायची आहे. भाचीने सगळं मराठीत वहीच्या कागदावर लिहून दिलंय. एक झेरॉक्स काउंटरवर ठेवून आलोय, एक आईच्या देव्हाऱ्यापाशी चिकटवलीय. या खेपेला बायको सोबत येणार आहे.

– एक एसटी वाहक, कऱ्हाड