जिवाणू टाकीत सोडा, नाल्यात नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बळ्ळारी नाल्यात जिवाणूंचं द्रावण ओतलं की जड धातूंचा निकाल लागतो, असं आमच्या वडगाव शिवारात हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. उद्यमबागेतल्या कारखान्यांत प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवायच्या, टाक्यांवर माझी हयात गेली आणि भाताचं रान याच नाल्याकाठी आहे, म्हणून लिहितो.

धातू शेणासारखा कुजत नाही. जिवाणू त्याचं फक्त रूप पालटतात. क्रोम प्लेटिंगचं धुवण पिवळंजर्द असतं. त्यातला सहा संयुजेचा क्रोमियम (क्रोमियमचं एक रासायनिक रूप) पाण्यात सहज विरघळतो आणि त्यानं कर्करोग होतो. आम्ही त्यात आधी आम्ल, मग मेटाबायसल्फाइट नावाचं रसायन घालायचो. पिवळा रंग जाऊन पाणी हिरवट व्हायचं, आणि चुना पडला की हिरवा गाळ तळाशी बसायचा. सहा संयुजेचा क्रोमियम तीन संयुजेचा करण्याचं हेच काम स्युडोमोनास वंशातले काही जिवाणूही करतात. सल्फेटवर जगणारे दुसरे जिवाणू जस्त, कॅडमियम, शिसं यांचं न विरघळणारं सल्फाइड करून खाली बसवतात. नेदरलँड्समधल्या ब्युडेलच्या जस्त कारखान्यात 1990 च्या दशकापासून ही पद्धत वापरात आहे. खाद्य म्हणून मळीही चालते, आणि मळीला आपल्या जिल्ह्यात काय तोटा!

पण हे बंद टाकीत, जिथं साचलेला गाळ हाती लागतो. उघड्या नाल्यात पहिल्या मोठ्या पावसात जिवाणू वाहून जातील. जे तळाशी बसेल ते आपणच जेसीबीनं उपसून बांधावर पसरणार. काळ्या गाळातल्या सल्फाइडला हवा लागली की ते पुन्हा विरघळू लागतं, आणि पावसाबरोबर थेट भाताच्या वाफ्यात.

नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात सहा संयुजेचा क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, हा नियम आहे. तरी रात्री टाकी गटारात रिकामी करणारे मी पाहिले आहेत. लहान प्लेटिंगवाल्याला स्वतःची यंत्रणा परवडत नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी एक सामाईक प्रक्रिया केंद्र काढा, जिवाणू तिथं वापरा, आणि निघालेला गाळ घातक कचऱ्याच्या ठिकाणीच जाऊ द्या.

तोवर प्रदूषण मंडळानं निदान यंदाच्या उपशाआधी गाळातला क्रोमियम, निकेल, जस्त, शिसं तपासावं आणि आकडे ग्रामपंचायतीत लावावेत. अहवाल कानडीत असला तरी हरकत नाही, आकडे आम्हाला वाचता येतात.

आपला,
एक निवृत्त प्लेटिंग कामगार, वडगाव, बेळगाव