कोर्टातल्या समुपदेशकाच्या आधी कुणीतरी भेटायला हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घटस्फोट वाढलेत, तरुण पिढीला सहनशक्ती नाही, अशी पत्रं तुमच्याकडे बरेचदा येतात. मला वेगळं सांगायचंय. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाल्यावर मी आणि माझी बायको कपल काउन्सेलिंगला गेलो, घरात कुणाला न सांगता, कारण आपल्याकडे समुपदेशन म्हटलं की लोक एकतर "वेड लागलंय का" विचारतात नाहीतर "वकील केला का" विचारतात.

जाताना दोघांनाही वाटत होतं की मॅडम आता सांगतील कोण बरोबर ते. आपल्याकडची बैठक अशीच असते ना, मामा-काका येतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि शेवटी बहुतेकदा मुलीलाच "थोडं समजून घे गं" सांगून चहा पिऊन जातात. इथे निकालच लागत नाही. पहिल्यांदा दोघांना एकत्र बसवलं, मग वेगवेगळं ऐकून घेतलं आणि मग परत एकत्र. एकाने बोलायचं, दुसऱ्याने आधी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, समोरचा "हो, असंच म्हणायचं होतं" म्हणाला की मगच उत्तर द्यायचं. वाचायला सोपं वाटतं पण करून बघा, पहिल्या दोन वाक्यांतच कळतं की आपण ऐकत नसतोच, उत्तर तयार करत असतो.

अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांचे हृदयाचे ठोके मोजत त्यांची भांडणं वर्षानुवर्षं अभ्यासली. त्यांना दिसलं की नवराबायकोचे साधारण ६९ टक्के वाद कधीच मिटत नाहीत, सुखी जोडप्यांचेही नाहीत. हे ऐकून मला खरंच हलकं वाटलं. दिवाळीला कुणाकडे जायचं, आईबाबांना किती पैसे पाठवायचे, एकाला घर आवरलेलं लागतं आणि दुसऱ्याला पसारा दिसतच नाही, हे वाद आमचेही तसेच आहेत, फक्त आता त्यात कुणी कुणाला खाली दाखवत नाही. गॉटमन म्हणतात संसाराला सगळ्यात जास्त धोका तुच्छतेचा, आणि आपल्या घरांत ती किती सहज येते बघा, "तुझ्या माहेरी हेच शिकवलं का", "तुला काय कळतंय त्यातलं", तेही पाहुण्यांसमोर हसत हसत. दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे ठोके शंभरच्या वर गेले की माणसाच्या डोक्यात समोरचं काही शिरत नाही, तेव्हा निदान वीस मिनिटं थांबायचं, पण "मी परत येतो, मग बोलू" असं सांगून उठायचं आणि खरंच परत यायचं. न सांगता उठून जाणं आणि मग चार दिवस अबोला, हे वेगळं.

आता मुद्द्यावर येतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असं स्पष्ट लिहिलंय आणि त्यासाठी कोर्टात विवाह समुपदेशक असतात. चांगली सोय आहे. पण तिथे माणूस कधी पोचतो? नोटिसा गेल्यात, दागिन्यांची यादी झालीय, दोन्हीकडचे नातेवाईक बोलायचे बंद झालेत, परस्पर संमतीचा अर्ज असेल तर वर्षभर वेगळं राहूनही झालंय. त्या वेळी समुपदेशकाने काय काय जोडायचं? आणि आधी जायचं म्हटलं तर शहरात एका सेशनचे हजार-दीड हजार सहज जातात, तालुक्याच्या गावात तर पैसे असूनही जायला जागा शोधावी लागते.

स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली, म्हणजे रजिस्टर पद्धतीने, लग्न करायचं तर आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या तीस दिवसांत जोडप्याला एक मोफत सेशन देता येईल, आणि बाकीच्यांना लग्न नोंदवायला येतात तेव्हा. सक्ती नको, पण सोय असू दे. कॅथलिक समाजात लग्नाआधी चर्चचा कोर्स करावा लागतो, त्यात पैसे, मुलं, सासर यावर उघड बोललं जातं. आपल्याकडे पत्रिका जुळवतो, हॉल बघतो, मेनू ठरवतो, आणि पगार कसा वापरायचा हे लग्नानंतर भांडणातच कळतं.

एक गोष्ट मात्र नीट छापा. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तिथे "दोघं मिळून समुपदेशनाला जा" हा सल्ला कुणी देऊ नये. बाई नवऱ्याशेजारी बसून खरं बोलूच शकत नाही आणि बोलली तर घरी गेल्यावर भोगते. तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, तिची सुरक्षितता आधी.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वधूवरांच्या जाहिरातींना भरपूर जागा असते. त्याच पानावर दर आठवड्याला एका जिल्ह्यातल्या सरकारी किंवा कमी फीच्या समुपदेशन केंद्रांचे पत्ते आणि वेळा द्याल का?

आपला,
एक वाचक, नाशिक