तो एड्सने नाही गेला

संपादक साहेब,

गेल्या महिन्यात माझा जवळचा मित्र गेला. एचआयव्ही होता त्याला, तो स्वतः कधी लपवायचा नाही म्हणून मीपण लपवत नाही, नाव फक्त घरच्यांसाठी देत नाहीये. भेटायला आलेले निम्मे लोक "शेवटी त्या रोगाने नेलंच" म्हणत होते. अहो हार्ट अटॅकने गेला तो! व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, कित्येक वर्षं अनडिटेक्टेबल होता, म्हणजे टेस्टमध्ये सापडणार नाही इतका कमी.

त्याला कळलं तेव्हा तीन औषधांचं कॉम्बिनेशन यायचं होतं, ते आलं १९९६ ला. एझेडटी हे एचआयव्हीवरचं पहिलं औषध १९८७ पासून होतं पण एकट्या त्याला व्हायरस थोड्याच दिवसात दाद देईनासा व्हायचा. मग याने काय केलं, आता जगायचंच नाही तर पैसे ठेवून काय करू म्हणून होतं नव्हतं ते उडवलं, आणि नंतर जगलाच की! "माझं बजेटच चुकलं रे" म्हणून स्वतःच हसायचा. पण म्हातारपणाची तयारी शून्य, ते टेन्शन खरं होतं.

स्टॅव्हुडिन या एचआयव्हीच्या औषधाने गाल पार बसले, पायांची जळजळ सुरू झाली. २००९ ला जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं, पुढे तर दिवसाला एका गोळीवर काम भागायला लागलं, पण पाय काही पूर्ववत झाले नाहीत, रात्री चादरसुद्धा सहन व्हायची नाही त्याला.

आणि हे हार्टचं कुणी बोलतच नाही. व्हायरस दाबला तरी शरीरात बारीक सूज चालू राहते, हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट. २०२३ मध्ये रिप्रीव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या एचआयव्हीवाल्यांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं तर हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे ३५ टक्के कमी झाले. याच्या फाईलमध्ये सीडीफोरच्या (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) रिपोर्टांचा ढीग आणि कोलेस्टेरॉलचा एकच रिपोर्ट, तोही जुना. ज्या डॉक्टरांकडे जायचा त्यांना विचारावंसं वाटतं, पण जाऊ दे.

दर १ डिसेंबरला तुम्ही लाल रिबीन आणि "सावध रहा" छापता. यंदा पन्नाशी ओलांडलेल्या पेशंटवर अर्धं पान द्या ना, हार्ट, किडनी, हाडं, कुठल्या टेस्ट करायच्या ते सगळं लिहा. आणि व्हायरल लोड अनडिटेक्टेबल राहिला तर सेक्समधून लागण होत नाही हे मोठ्या अक्षरात टाका, त्याची बायको आजही निगेटिव्ह आहे तरी लोक तिला अजून बाजूला घेऊन "तुझं काय?" विचारतात.

आपला एक वाचक