जकातीची गोष्ट आणि वक्फचे अन्नछत्र

महोदय,

रमजान आला की जकातीवरील, म्हणजे मुस्लिमांनी गरिबांसाठी द्यायच्या धार्मिक दानावरील, लेखांत उमय्या घराण्यातील खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांची गोष्ट हमखास येते. त्यांच्या कारकिर्दीत (इ. स. ७१७ ते ७२०) उत्तर आफ्रिकेत जकात घ्यायला गरीबच सापडेना, म्हणून त्या रकमेतून गुलाम विकत घेऊन मुक्त केले, असे सांगतात. गोष्ट मनाला भावणारी आहे. परंतु जेमतेम अडीच वर्षांच्या राजवटीवरून, आणि तेही चरित्रकारांनी सांगितलेल्या एका आठवणीच्या आधारे, दारिद्र्य संपल्याचा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

जकातीचे खरे मर्म मला तिच्या आकारणीत दिसते. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, वर्षभर शिल्लक राहिल्यास अडीच टक्के, हा हिशेब आपल्याकडील मुस्लिम घरांत तोंडपाठ असतो. शेतमालाचा नियम मात्र फारसा कोणी सांगत नाही. निव्वळ पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि राबून पाणी काढून दिलेल्या पिकाचा विसावा. कोरडवाहू आणि बागायती यांतला खर्चाचा फरक जाणणारी ही दृष्टी मोटेवर दिवस काढलेल्या शेतकऱ्याला चटकन पटेल.

तरीही पिढ्यान्‌पिढ्या गरिबाच्या पोटात रोज अन्न पडण्यासाठी बांधील उत्पन्न लागते, आणि ते वक्फने, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या अर्पण केलेल्या मालमत्तेने, दिले. ऑटोमन (उस्मानी) सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम हिने १५५० च्या दशकात जेरुसलेममध्ये उभारलेले अन्नछत्र याचे बोलके उदाहरण आहे. पॅलेस्टाइनमधील गावांचा महसूल त्याला कायमचा जोडून दिला होता. सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळी गव्हाची, सोबत पाव, आणि शुक्रवारी मटण-भात व केशर घातलेला गोड भात. सुमारे चारशे गरिबांची ही रोजची सोय होती. पंगतीचा क्रमही ठरलेला असे: आधी कर्मचारी, मग मुक्कामाचे पाहुणे, शेवटी गरीब. आजही जुन्या शहरात ते 'तकिया' या नावाने चालू आहे.

अर्थात, या पेजेने भूक भागली, गरिबी हटली नाही. आणि ती शिजत होती ती त्या गावांतील शेतकऱ्यांनी भरलेल्या महसुलावर. आपल्या अंकांत जकातीच्या कौतुकासोबत हा हिशेबही यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर