मृणालला पत्र : इंटरव्ह्यूच्या फाइलबद्दल

प्रिय मृणाल,

अमेरिकेच्या ग्रीन कार्डसाठी तुझ्या आणि समीरच्या इंटरव्ह्यूची नोटीस आल्याचं सांगताना तुझा आवाज इतका बारीक झाला होता की आधी मला वाटलं काही वाईट घडलंय. फोनवर मी घाईघाईत चार गोष्टी सांगितल्या आणि ठेवल्यावर जाणवलं की महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून हे लांबलचक पत्र. पाच आठवडे हातात आहेत, ते पुरतात.

तू विचारलंस, "आमचं लग्न खरं आहे हे कागदावर कसं दाखवू?" हाच प्रश्न मलाही महिनोन् महिने छळत होता. आता वाटतं, प्रेम मोजायची वेळ ऑफिसरवर येतच नाही. दोघांच्या कागदांवरच्या तारखा आणि पत्ते एकमेकांशी जुळतात का, आणि जिथे जुळत नाहीत तिथे ही माणसं सरळ उत्तर देतात का, हे तो बघतो.

म्हणून नवीन काही गोळा करण्याआधी, तुम्ही आधीच जे पाठवलंय ते वाच. आय-१३० (समीरने तुझ्यासाठी केलेला अर्ज), आय-१३०ए (त्याला जोडलेली तुझी माहिती), आय-४८५ (तुझा ग्रीन कार्डचा अर्ज) आणि आय-८६४ (समीरचं आर्थिक हमीपत्र), चारही फॉर्मच्या प्रती टेबलावर मांड आणि समीरला शेजारी बसवून एकेक रकाना मोठ्याने वाच. कुठल्या महिन्यात कुठे राहत होतीस, नोकरी कधी लागली, आय-९४वर, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीवर, शेवटच्या प्रवेशाची तारीख काय आहे. एक संध्याकाळ जाईल, पण दुसऱ्या कुठल्याही तयारीपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

मी हे इतकं ठासून का सांगतेय ते तुला माहीत नाही, कारण तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नानंतरचे पहिले पाच महिने टॉम आणि मी वेगवेगळ्या शहरांत होतो, माझ्या नोकरीमुळे. दर शुक्रवारी रात्री मी बसने त्याच्याकडे जायचे. आमचे फॉर्म भरून देणाऱ्या माणसाने "सोपं पडेल" म्हणून लग्नाच्या दिवसापासून दोघांचा एकच पत्ता लिहिला, आणि मी न वाचता सही केली. इंटरव्ह्यूत ऑफिसरने माझा जुना पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, उचलला. त्यावर दुसऱ्या शहराचा पत्ता. तो रागावला नाही, नुसतं विचारलं, "इथे कोण राहत होतं?" माझ्या तोंडाला कोरड पडली. टॉमने जे होतं ते सगळं सांगितलं, बसच्या तिकिटांसकट. ऑफिसरने फॉर्मवर पेनने दुरुस्ती केली, पण निकाल त्या दिवशी दिला नाही. पत्र सहा आठवड्यांनी आलं. ते सहा आठवडे मी रोज दुपारी पोस्टाची पेटी उघडत होते. नोकरीसाठी वेगळं राहणं यात काही गैर नव्हतंच. ते लपवल्यासारखं दिसलं, त्याची किंमत मोजावी लागली.

तुमच्या फॉर्ममध्ये असं काही सापडलं तर ऑफिसरने शोधून काढायची वाट पाहू नका. शपथ घेतल्यावर तो आय-४८५ उघडून प्रश्न वाचायला लागतो. तो रकाना आला की तिथेच सांगा, "इथे चूक झाली आहे, बरोबर तारीख ही." तेव्हा दुरुस्ती होते. आणि हो, मार्चमध्ये तुम्ही घर बदललंत, तेव्हा एआर-११ भरला होता का? पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचा असतो. राहिला असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तो भर.

आता तुझा जन्मदाखला. तू म्हणालीस त्यावर तुझं नावच नाही. अगं, आपल्या पिढीतल्या कितीतरी जणींचं असंच आहे. जन्माची नोंद दवाखान्यातून लगेच झाली, नाव बारशाला ठेवलं, आणि नगरपालिकेत परत जाऊन ते लिहून घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही दाखल्यावर आई-वडिलांची नावं, तारीख, ठिकाण, सगळं होतं, फक्त माझ्या नावाची जागा कोरी. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यात नाव नंतर घालण्याची सोय आहे, म्हणून भावाला नगरपालिकेत पाठव आणि नाव घातलेला नवा दाखला मिळतो का बघ. तो मिळाला तर प्रश्नच मिटला. वेळेत मिळाला नाही तर कोऱ्या नावाचा दाखला, त्याला जोडून शाळा सोडल्याचा दाखला, आणि तुझा जन्म ज्यांना स्वतः माहीत आहे अशा दोघांची प्रतिज्ञापत्रं. माझ्यासाठी आत्याने दिलं होतं. मी जन्मले त्या रात्री ती आईजवळ होती, आणि तिने तेवढंच लिहिलं : कुठला दवाखाना, किती वाजता, कोण कोण होतं. इतक्या साध्या शब्दांत लिहिलेला तो कागद वाचताना मला रडू आलं होतं.

दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं. पूर्ण म्हणजे शिक्का, समास, मागच्या बाजूचा मजकूर, सगळं. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून द्यायचं की भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात. ते नोटरीकडून करून घ्यावं लागत नाही. स्वतः मात्र करू नकोस, नात्याबाहेरच्या कुणाकडून करून घे. नावाचंही बघ. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नाच्या दाखल्यावर समीरचं, बँकेत मधलं नावच नाही. ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे आपल्याला दिसतं, त्यांना दिसेलच असं नाही. फाइलच्या सुरुवातीला एका पानावर सगळी नावं लिहून ठेव, कुठलं नाव कुठल्या कागदावर आहे ते.

एकत्र संसाराच्या पुराव्यांत माझा सगळ्यात जास्त भरवसा जॉइंट अकाउंटच्या स्टेटमेंटवर आहे. मोठी शिल्लक असलेलं एक पान नको, वर्षभराची पानं ठेव. घरभाडं, वीज, वाणसामान, औषधं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. ती पानं चाळली की घर दिसतं. लीजवर, म्हणजे घरभाड्याच्या करारावर, दोघांची नावं, विम्यात आणि ४०१-के या निवृत्तीच्या बचतीत एकमेकांचं नाव, एकत्र भरलेला टॅक्स, हे आलंच. टॅक्सवरून आठवलं, तुमचं लग्न नोव्हेंबरचं. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित होतात, म्हणजे त्या अख्ख्या वर्षासाठी विवाहित धरले जाता. समीरने सवयीने त्या वर्षी "सिंगल" म्हणून रिटर्न भरलं नाही ना? भरलं असेल तर १०४०-एक्स, म्हणजे रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म, भरून दुरुस्त करा आणि त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा. आयआरएस या टॅक्स खात्याकडून टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचे उतारे, फुकट मिळतात, तेही काढून घ्या.

फोटो वीसच्या वर नकोत. लग्नाचे तीन-चार पुरे, बाकीचे साध्या दिवसांचे, दोन्हीकडच्या माणसांबरोबरचे, आणि प्रत्येकामागे तारीख, ठिकाण, कोण कोण. चॅटची चारशे पानं छापू नकोस, महिन्यातलं एखादं पान पुरतं. मूळ कागद दाखवायला न्यायचे, द्यायच्या त्या प्रती, म्हणून दोन वेगळ्या फाइली कर.

तुझ्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं ना, की घरमालकाकडून मागच्या तारखेची लीज करून घे, म्हणजे मधले दोन महिने भरून निघतील? मृणाल, हे करू नकोस. हात जोडून सांगते. तुमचं लग्न खरं आहे, त्याच्या भोवती एकही खोटा कागद यायला नको. लग्नाच्या बाबतीत फसवणूक झाली असा शेरा बसला तर पुढे कुणाच्याही नात्यावरून तुझ्यासाठी अर्ज मंजूर होऊ शकत नाही. खोट्या लग्नासाठी १९८६च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि २,५०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. त्या दोन महिन्यांत तुम्ही समीरच्या मित्राच्या तळघरात राहिलात. मग त्या मित्राकडून तसंच पत्र घ्या. तळघर चालतं.

प्रश्नांची घोकंपट्टी मुळीच करू नका. कुठे भेटलात, लग्नाला कोण आलं होतं, सकाळी आधी कोण उठतं, असं विचारतात. शंका आली तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात. न्यूयॉर्कमधल्या १९७५च्या एका खटल्यावरून त्याला स्टोक्स इंटरव्ह्यू म्हणतात. पाठ केलेली उत्तरं तिथेच घसरतात. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हण, ते चालतं.

समीरला एक गोष्ट शांतपणे वाचायला लाव, आय-८६४. आपलं उत्पन्न अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के आहे, एवढंच त्यात नाही. तू नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या ४० तिमाह्या तुझ्या नावावर जमेपर्यंत, तो तुझ्यासाठी बांधील राहतो, आणि घटस्फोट झाला तरी ती जबाबदारी सुटत नाही. टॉमने ते वाचलं तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही, मग पेन मागितलं. त्या सहीची मला आजही लग्नातल्या सहीपेक्षा जास्त आठवण येते. समीरचे अलीकडचे पे-स्टब, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा दाखला) आणि कंपनीचं पत्र बरोबर ठेवा, आकडे जुने झाले असतील तर मागतात.

शनिवारी सकाळी मी मोकळी आहे. फाइल समोर घेऊन बस, आपण फोनवर पानापानाने जाऊ. त्याआधी जन्मदाखल्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, मागचा शिक्का वाचता येईल असे.

तुझी,
वैदेही

ता. क. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, म्हणून कार्डावर सीआर६, म्हणजे अटीवर दिलेल्या ग्रीन कार्डचा कोड, येईल आणि मुदत दोनच वर्षांची असेल. ते बघून दचकू नकोस, नियमच तसा आहे. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ती अट काढण्याचा अर्ज, भरायचा असतो. तेव्हा ही फाइल माळ्यावर टाकू नकोस, हाताशी ठेव.