ताई, दावा तुम्ही भरून दिला नाहीत म्हणून आभार

ताई, जोहार.

परवा शेजारच्या गावची माणसं आली होती, सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाच्या हक्काचा, दावा कसा करायचा ते विचारायला. सांगता सांगता सारखं तुमचंच नाव तोंडी येत होतं. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये हा हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तिथल्या ग्रामसभेच्या हाती आलं, हे गडचिरोलीत कुणाला ठाऊक नाही? पण ते मेंढा, आपल्याला कुठलं जमतंय, असंच आम्ही म्हणायचो. वनहक्क कायदा 2006 चा. आमच्या गावात तो आला तुमच्या पायांनी.

आम्हाला वाटलं, तुम्ही दावा भरून द्याल. तुम्ही कोरे नमुने पुढे ठेवलेत आणि पेन आमच्याकडे सरकवलंत. वनहक्क समितीत बाया नुसत्या सहीपुरत्या बसायच्या नाहीत, असं म्हणून मला हद्दीच्या फेरीत पुढे काढलंत. जीपीएस माझ्या हातात! नाल्याच्या वळणावर आजी थांबली, पेनठाण्याकडे, आमच्या देवाच्या जागेकडे, हात केला आणि कोणत्या साली कुणाची गुरं इथं बसायची ते गोंडीत सांगत सुटली. तुम्ही तिच्या नातीला तिथेच दगडावर बसवून सगळं लिहून घ्यायला लावलंत. म्हाताऱ्या माणसांचा जबाब हाही पुरावाच, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पुढे नकाशा जोडला नाही म्हणून फाइल परत आली. नकाशा जोडलेला होता. आमच्याकडे पोच होती, कारण पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती पोच दाखवली तेव्हा माझे हात थरथरत होते, पण आवाज नाही.

आता विडीच्या तेंदूपानांचा लिलाव ग्रामसभा करते. 70 पानांच्या पुड्याचा भाव आमच्यासमोर ठरतो, हिशेब फळीवर वाचून दाखवला जातो. कच्ची चारोळी तोडायची नाही, असा ठरावही यंदा झाला. तो बायांनी मांडला, ताई.

शेजारच्या गावच्या माणसांनी जाताना आजीच्या जबाबाची झेरॉक्स मागितली, नमुना म्हणून. मी दिली नाही. म्हटलं, आधी तुमच्या आजीकडे जाऊन बसा.

तुमची,
वनहक्क समितीतली एक सदस्य