दिवाळीला येण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न.

गेल्या दिवाळीत लाडवांचा डबा सकाळी अर्धा रिकामा निघाला. आई, तू काही न बोलता तो कपाटावर चढवून ठेवलास. बाबा एवढंच म्हणाले, "माणसाचा जिभेवर ताबा हवा." मी खाली मान घालून चहा प्यायले. त्या रात्रीचं आज लिहूनच सांगते, कारण फोनवर रडू येईल आणि बोलायचं राहून जाईल.

रात्री दीडला उठले. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून डबा ओढणीत गुंडाळून उघडला. दिवा न लावता ओट्याशी उभ्यानेच खायला लागले. पहिल्या दोन लाडवांची चव लागली, पुढच्यांची नाही. बेसन टाळूला चिकटलं होतं, पोट दुखत होतं, तरी हात डब्यात जातच होता. थांबायचं होतं, पण थांबता येत नव्हतं. मग अंधारातच चाचपून भुगा वेचला आणि ओटा पुसला. पुण्यातल्या खोलीवर हे आठवड्यातून दोनतीनदा व्हायचं.

जानेवारीपासून मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. याला बिंज इटिंग डिसॉर्डर म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे. बाबा, तुम्हाला हा शब्द परका वाटेल, पण सुरुवात आपल्या घरातच झाली. दादाच्या लग्नाआधी पाच महिने मी भात-पोळी सोडली होती, आठवतं? अकरा किलो उतरले आणि मांडवात सगळ्यांनी कौतुक केलं. तेव्हाच रात्री पाककृतींचे व्हिडिओ बघत जागायची मला सवय लागली होती.

डॉक्टरांनी एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. आपणहून तयार झालेली माणसं होती ती. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं. त्यांना दिवसरात्र अन्नच सुचायचं, काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुढे पोटभर मिळायला लागल्यावरही काहींची भूक भागेना, खाऊन उठले की पुन्हा भूक. हे ऐकताना मला दरदरून घाम फुटला, इतकं ते माझं होतं.

चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक मेंदूला साठा पुरेसा असल्याचा निरोप देतं. खाणं एकदम तोडलं की ते वजनाच्याही आधी घसरतं, आणि जठरातून येणारं घ्रेलिन, म्हणजे भुकेचा निरोप, वाढतं. मेंदूच्या लेखी तो दुष्काळच. त्यातच आमच्या ऑफिसातला मार्च एंड. ताण लांबला की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहतं आणि गोड-तेलकटाची ओढ वाढते. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन त्या पदार्थाकडे मन खेचून नेतं, मग चव लागो न लागो. लाज वाटून मी दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचे आणि रात्री पुन्हा तेच. डायेट करणाऱ्या सगळ्यांचं असं होत नाही, पिंडाचाही भाग असतो. माझं झालं.

बाबा, ताबा मी कमी ठेवला नव्हता. पाच महिने ठेवला होता, फार ठेवला होता.

आता दर तीन-चार तासांनी, भूक असो नसो, थोडं खायचं. भात, पोळी, सगळं. रात्री जास्त खाल्लं गेलं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, हे सगळ्यात अवघड जातं. गेल्या सहा आठवड्यांत रात्रीचं तसं खाणं दोनदाच झालं.

आई, तुझ्या संकष्टीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण मला सध्या कुठलाच उपास नको. फराळाचे डबे लपवू नकोस, नेहमीच्या फळीवरच राहू देत. मी आले की "बारीक झालीस" किंवा "सुटलीस", दोन्ही म्हणू नका. मावशीलाही तूच सांग, मला जमणार नाही.

शुक्रवारी रात्रीच्या बसने निघते. सकाळी सहाला पोहोचेन. आठला आपण तिघं बसून पोहे खाऊ. बाबा, तुम्हीही तेव्हा पेपर घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊ नका, माझ्याजवळ बसा.

तुमची,
ताई